मामांनी ‘वा!’ म्हणणं सोडलं

आमच्या तंजावरात तुळजाराव मामांना वाकून नमस्कार करायची कुणाची छाती होत नसे. वाकलेल्याला आशीर्वादाऐवजी हुकूम मिळे, “हलूं नक्को!” आणि मामा त्याचा गुडघा चाचपू लागत. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला इतका वेळ वाकवून ठेवलं की शेवटी भटजींनी घसा खाकरला. मामा शांतपणे म्हणाले, “डावा गुडघा कच्चा आहे. पण मुलगा बरा दिसतो.”

मामा फिजिओथेरपिस्ट. मामी गेल्यापासून घरात एकटे. मग सेल्वम आला. हा जवळच्या ओरत्तनाडू गावचा गडी मद्रासच्या एका कंपनीच्या संघातून पगारावर कबड्डी खेळायचा. चढाईत त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सर्जननं त्याच्याच पायातल्या स्नायूच्या दोरीची पट्टी काढून नवं लिगामेंट बसवलं. आता संघात परतला तरच नोकरी राहणार होती. बसची दगदग नको म्हणून मामांनी त्याला घरीच ठेवून घेतलं.

घोट्याला पोन्नी तांदळाची पिशवी बांधून मामा त्याला पाय उचलायला लावत. शहरात नुकतंच केबल आलं होतं. ऑपरेशन झालेला कुणी परदेशी फुटबॉलपटू टीव्हीवर पळताना दिसला की सेल्वमही उठू बघे. मामांनी वायरच उपटली. “गुडघा तुझा, आणि घाई त्या डबड्याची?”

खरा घोटाळा केला तो मामांच्या मराठीनं. एका सकाळी सेल्वमनं पाय छान ताठ केला. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मामा ओरडले, “वा! वा!” तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. गुरूची आज्ञाच! सेल्वम कुबड्या टाकून, तांदळासकट निघाला. मामा किंचाळले, “अय्यो! वा नक्को, वा नक्को!” त्यातलं ‘वा’ तेवढं ऐकून तो आणखी लगबगीनं आला. शेवटी मामांनीच धावत जाऊन त्याला कवेत धरलं. गुडघा वाचला, पिशवी फुटली. तेव्हापासून मामा तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात गाणं ऐकतानाही दाद द्यायची वेळ आली की तोंडावर हात ठेवत.

बरेच महिने गेले. सर्जननं परवानगी दिली आणि पापनाशमला सामना ठरला. संघाचे मॅनेजर मुद्दाम सेल्वमला बघायला आले होते. मी मामांबरोबर गेले. सेल्वम चढाईला निघाला आणि मामा मैदानाकडे पाठ करून बसले.

“मज बघवत नाही. तूं सांग.”

“चौघांनी धरलाय, मामा.”

“कोणता पाय?”

“तोच.”

मामांनी माझं मनगट आवळलं. तेवढ्यात एकच गलका झाला.

“सुटला! रेषेला पोचला! मामा, उभा आहे, नाचतोय!”

मामा वळले. मॅनेजर सेल्वमची पाठ थोपटत होते. मामा तोंडभर हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “म्हणजे आतां जाईल तो.”