आधी ऊब, मग सुई

आमच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळाला सुई टोचायची तर सानप सिस्टरची परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. मी तिथला लॅबवाला. बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला दारात अडवलं.

"हात दावा."

दाखवले.

"गार हायत. घासा."

नोकरीला लागल्यापासून माझी कुणी तपासणी केली असेल तर ती एवढीच.

त्यांचं पालुपद एकच, "आधी ऊब, मग सुई." आईनं बाळाला उघड्या छातीशी घ्यायचं, अंगावर पाजायला लागायचं. बाळ चुटूचुटू ओढायला लागलं की मग सिस्टर मला हाक मारणार. तोवर मी ट्रे घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मला तोंडपाठ झालाय.

आई जवळ नसली तर बाप. कडा गावच्या एका पुढाऱ्याला त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा काढायला लावला होता.

"मी कोण हाय, म्हायती हाय का?"

"हाय की. बाप हाय. काढा."

लॅबमध्ये बसून मी यावर पुष्कळ हसायचो. एका टोचणीसाठी केवढा हा थाट! लेकरू म्हटलं की रडायचंच, एवढंच माझं शास्त्र.

मग माझीच मुलगी महिनाभर आधी जन्मली. बायको ऑपरेशनच्या गुंगीत, आणि मुलीच्या रक्तातली साखर लगेच तपासायची होती. शेकडो टाचा टोचलेला मी, पण सुई घेतली, परत ट्रेत ठेवली, पुन्हा उचलली. सिस्टरनी ती काढून घेतली.

"सोडा. शर्ट काढा."

काढला. बनियनला तीन भोकं.

"ते बी काढा. कशापायी घालता असलं?"

छातीवर ते एवढंसं ऊन ऊन ओझं आलं. सिस्टरनी तिचे हातपाय अलगद पोटाशी जुळवून घेतले, जरा वेळ थांबल्या आणि मग टाच टोचली. पोरगी बारीकशी कुरकुरली नि गप्प झाली. मोठ्यानं रडलो तो मी. आजवरच्या हसण्याची फार लाज वाटली.

"सिस्टर, लई हसलो मी तुमाला."

"ठावं हाय मला." त्या टाचेवर कापूस दाबत होत्या. "माझं पोरगं आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. मीच नर्स. रोज मीच त्याचा पाय दाबून धरायचे, अन् ते रडून रडून काळंनिळं व्हायचं. उराशी घेऊन टोचता येतं, हे तवा मला कुणी सांगितलंच न्हाई."

तो मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरीला. घरी येतो तो दिवाळीपुरता.

"दुपारी झोपला की मी त्याच्या पायथ्याशी बसते," त्या म्हणाल्या. "टाच हातात धरून. गेल्या दिवाळीत जागा झाला. म्हणला, आई, काय करतीस? म्हणलं, काय न्हाई रं, माशी बसली हुती."