धाकलीची थोरली

आमच्या धाकल्या आजीनं आयुष्यात कुठलीही नवी गोष्ट आधी स्वतः खाल्ली नाही की नेसली नाही. बीडच्या स्टँडबाहेर मी तिला पहिल्यांदा आइस्क्रीम घेऊन दिलं, तेव्हा तिनं तो कप आधी गळ्याशी नेला, मान वाकवून स्वतःच्या पोलक्यात बघितलं आणि म्हणाली, "घ्या. आधी बाईसाहेब. थंड हाय, दात सांभाळा." मग चमचा तोंडात घातला. आमच्या बाकावर रस पीत बसलेला माणूस ग्लास घेऊन हळूच पलीकडच्या बाकावर गेला.

बाईसाहेब म्हणजे तिची सवत. म्हणजे माझी सख्खी आजी.

आमच्याकडे रिवाज आहे. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि घरात जे नवं येईल ते आधी त्याला दाखवायचं. माझी थोरली आजी मोठ्या दुष्काळात खडीच्या कामावर होती. तिथंच तापानं आजारी पडून गेली. वडील तेव्हा रांगत होते. वर्षाच्या आत आजोबांनी धाकलीला करून आणली. दाराशी आली तेव्हाच तिच्या कडेवर दुसरीचं पोर आणि गळ्यात दुसरीचा टाक. तिला स्वतःचं मूल झालं नाही. वडिलांना तिनंच वाढवलं, आणि आम्हालाही.

बाकीच्या बायका सणासुदीला टाकाला हळदकुंकू लावतात आणि मोकळ्या होतात. धाकलीनं मात्र प्रकरण मनावर घेतलं. ती टाकाशी दिवसभर बोलायची, आणि बोलणं म्हणजे निव्वळ टोमणे. लुगडं आलं की, "नेसा. तुमाला काय, धुवायचं तर मलाच हाय." पाहुणे आले की, "बघा, तुमच्या भावकीचे आले. चहा म्याच ठेवते, तुमी बसा." आम्ही पोरं शेजारच्या खोलीतून ऐकत असू. आम्हाला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्या असं भांडतात.

गावात दूध संस्था निघाली आणि संचालक मंडळात बाईची जागा आली, तेव्हा धाकली उभी राहिली. घरोघर मतं मागत फिरली. एक म्हातारबा तिला म्हणाला, "मत तुलाच देतो. पर थोरली असती तर बिनविरोध आली असती." धाकली निवडून आली. त्या म्हातारबाच्या दुधाला नंतर कधी फॅट म्हणून लागली नाही, असं निदान तो तरी सांगायचा. सत्काराच्या दिवशी चेअरमननं तिच्या खांद्यावर शाल घातली. तिनं तीच शाल ओढून गळ्याशी धरली आणि भर सभेत, माईकसमोर म्हणाली, "घ्या. हिंडून पाय माझे मोडले, शाल तुमाला." चेअरमन दोन पावलं मागं सरकले.

हा सगळा जळफळाट होता, आणि धाकली तो लपवत नसे. त्याला कारणही होतं. आमचे आजोबा बोलत नसत. मुके नव्हते, पण बोलत नसत. जेवलात का विचारलं तर मान हलवायचे. पाऊस येईल का विचारलं तर आभाळाकडे बोट. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं की थोरलीवर त्यांचा फार जीव, ती गेली आणि त्यांची वाचाच घेऊन गेली. आम्हा नातवंडांना या गोष्टीचा केवढा अभिमान! कॉलेजात असताना मी मैत्रिणींना ती रंगवून रंगवून सांगत असे. आमच्या घरात एवढं प्रेम होऊन गेलं, याची मला ऐट होती.

धाकलीनं त्या प्रेमाशेजारी सगळा संसार काढला. आजोबा गेले तेव्हाही काही न बोलताच गेले. दिवसकार्य झाल्यावर ती मला म्हणाली, "मला एवढंच कळू दे. तिच्यात असं व्हतं काय? कावून तो माणूस तिच्यापायी जलमभर गप झाला? तेवढं कळलं की म्या मरायला मोकळी."

आणि हे शोधायला ती लग्न होऊन आल्यापासूनच लागली होती. दूध घालायला येणाऱ्या बायका, लग्नातल्या विहिणी, कपिलधारच्या यात्रेत शेजारी बसलेली अनोळखी म्हातारी, कुणालाही सोडायची नाही. आधी म्हशीची चौकशी, मग पाण्याची, मग हळूच, "आमच्या थोरलीला बघितलं व्हतं का तुमी?" माणसं मेलेल्या बाईबद्दल वाईट कशाला बोलतील? जो तो कौतुक करायचा. थोरलीची भाकरी परातीएवढी, असं कुणी सांगितलं, की धाकलीनं परातीएवढी थापायला सुरुवात केली. ती तव्यात मावेना, महिनाभर आम्ही अर्धी कच्ची अर्धी करपलेली भाकरी खाल्ली. थोरली बाप्यांच्या बरोबरीनं खडी फोडायची असं ऐकलं, तर पुढच्या दुष्काळात घरी गरज नसताना धाकली कामावर गेली आणि हाताला फोड आणून परतली. फोड टाकाला दाखवले. म्हणाली, "मोजा."

एकदा मी तिला म्हटलं, "आजी, मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी?"

"तेच तर," ती उसळली. "जित्ती असती तर म्हातारी झाली असती. दात पडले असते, कंबर वाकली असती, मला बघून बरं वाटलं असतं. ही बया तरणी ती तरणीच ऱ्हायली. माझंच चिपाड झालं."

यात आता माझं सांगते. मलाही धाकलीचा हेवा वाटायचा. थोरली माझ्या रक्ताची. तिचा फोटो नाही, वापरातली एखादी वस्तू नाही. माझ्या मुलीचे डोळे घारे निघाले तेव्हा मला एकदम वाटलं की हे तिचे असतील, आपण तिची माहिती काढावी. सुट्टी काढून मी पालीला तिच्या माहेरी गेले. वडिलांच्या मामांच्या घरच्या म्हातारीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आता नवं काय सांगू माय? तुमची धाकली समदं इचारून गेलीय. तिलाच इचारा." डोळे घारे होते का, एवढं तरी? "ते बी तिलाच म्हाईत." जाईन तिथं ही बाई माझ्या आधी पोचलेली! त्या घरचे तर तिला लेकच मानायचे, दिवाळीला साडीचोळी करायचे. मी सख्खी नात, मला चहा बिनदुधाचा. घरी येऊन मी विचारलं, "थोरलीचे डोळे कसे होते गं?" तर धाकली भाजी निवडता निवडता म्हणाली, "घारे. तुझ्या पोरीसारके. मला काय इचारतीस, तुझी आजी हाय ना ती?" मला इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही.

मग अलीकडच्या दुष्काळात गावात टँकर सुरू झाला. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या आणि धाकली ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर उमापूरचा निघाला. बोलता बोलता कळलं की त्याची आजी मोठ्या दुष्काळात आमच्याच भागात खडी फोडायला होती. धाकलीनं घागर तिथंच टाकली. दुसऱ्या दिवशी मला स्कूटी काढायला लावली. मीही निघाले. या खेपेला जे कळेल ते मला तिच्याबरोबरच कळणार होतं.

ड्रायव्हरची आजी, हौसाक्का, ओसरीत बसली होती. दात नव्हते, कान मात्र तिखट. थोरलीचं नाव सांगताच ओळखलं. "एकाच ढिगाला बसायचो की आमी दोघी."

धाकली सरसावून बसली. "दिसायला कशी व्हती?"

"बरी व्हती."

"भाकरी लई चांगली करायची म्हनं."

"दुष्काळात कसली भाकर बाई. सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले."

धाकलीनं मग खरं ते विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "नवऱ्याचा लई जीव व्हता तिच्यावर. ती गेली तवा वाचा गेली त्याची."

हौसाक्काला असं हसू लोटलं की ठसका लागला. "त्याची? अगं, त्याला वाचा व्हती कधी? रडायची ती माझ्यापाशी. म्हनायची, हौसे, आमच्या घरी दोन बैलं आन एक नवरा, तिघं बी खाल्लं की पाठ फिरवतेत. बरी हाय का म्हनून इचारत न्हाई गं कुनी. सांच्याला काम सुटलं की पोरी घराकडं पळायच्या, ही उठायचीच न्हाई. दिसभर खडीवर बसून बडबडायची. मुकादम वरडायचा, हात चालव, तोंड न्हाई. ती म्हनायची, हितंच बोलून घेते, घरी गेल्यावर बंद."

माझं तोंड उतरलं. कॉलेजपासून मिरवलेलं ते प्रेम हौसाक्कानं हसत हसत पुसून टाकलं होतं, आणि मला तिचा राग आला. पण धाकलीची तर जीत झाली होती. थोरलीजवळ काहीच नव्हतं. धाकलीला जे मिळालं नाही ते तिलाही मिळालं नव्हतं. आता ही काहीतरी झणझणीत बोलणार म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"लई रडायची?" धाकलीनं विचारलं.

"तर. पदर भिजायचा."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकलीचे प्रश्न संपले. हौसाक्काच्या सुनेनं चहा दिला, तो तिच्या हातात निवून गेला.

परतताना गेवराईच्या पुढं मी एका झाडाखाली गाडी थांबवली. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आजी, झालं ना आता? तू कशातच कमी नव्हतीस. ते थोरलीसाठी गप्प नव्हते. त्यांचा स्वभावच तसा होता."

"व्हय," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले.

"मला बोलायला निदान ती तरी व्हती," ती म्हणाली. "तिला कोन व्हतं गं?"