गिरगाव-रफार

भास्करदादांनी मिशी काढली, तेव्हा मजल्यावर महिनाभर आधी सूचना दिली होती. प्रत्येक घरी, दार वाजवून. "पुढच्या महिन्यापासून मिशी नसेल. कुणाची हरकत?" माझ्या आईची होती. तिला त्यांनी मुदत वाढवून दिली.

काळाचौकीतल्या आमच्या इमारतीत दादा एकटेच राहतात. आयुष्यभर ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त केले, लग्न केलं नाही. कुठलीही गोष्ट एकदम बंद करू नये, हे त्यांचं तत्त्व. "लोकांना सवय असते रे. कुणीतरी वापरत असेल." हे ते गच्चीच्या मागच्या दाराबद्दल म्हणतात, सोसायटीच्या गळक्या नळाबद्दल म्हणतात आणि मुख्य म्हणजे आपल्या प्रोग्रामबद्दल म्हणतात.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर उघडला, की त्याचा चिवडा होतो. तो निवडून त्याचं पुन्हा मराठी करणारा प्रोग्राम दादांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही घ्या, कुणीही दुरुस्त करा. त्याला बटणंबिटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि तिच्यापुढे हवा तो पर्याय जोडायचा. प्रत्येक जुन्या फॉन्टचा पर्याय वेगळा. त्यातलाच एक 'गिरगाव-रफार'. गिरगावातल्या एका छापखान्याच्या फॉन्टमध्ये रफार भलत्याच बटणावर बसवलेला होता. हा पर्याय जोडला नाही, तर पत्रिकेतल्या 'मंगलकार्या'चं 'मंगलकाय' व्हायचं.

प्रोग्राम सांभाळायला आता दादांबरोबर दूरदूरची चार-दोन माणसं आहेत. त्यांतली नागपूरची रेश्मा फार धीराची. तो छापखाना कधीच बंद झाला, काहीही बदललं की आधी हाच पर्याय मोडतो आणि वापरणारं कुणी दिसत नाही, हे तिने दादांना परोपरीने समजावलं. दादा म्हणत, असेल कुणीतरी. शेवटी आधी सूचना द्यायची, एवढ्या अटीवर ते कबूल झाले. मग तो पर्याय जोडला, की पडद्यावर यायला लागलं : 'हा पर्याय लवकरच काढण्यात येणार आहे. आपली गैरसोय होत असल्यास कृपया कळवावे. राग नसावा.' त्यांच्यातल्या एका जर्मन माणसाने 'राग नसावा' ही तांत्रिक संज्ञा आहे का, असं विचारलं.

कुणीच कळवलं नाही. दादांनी मुदत वाढवली. सकाळी दूध आणायला जाण्याआधी मेल बघत, आल्यावर पुन्हा बघत. एखादी तरी तक्रार यावी म्हणून देव पाण्यात घातलेत का, असं मी चिडवायचो. ते हसत नसत.

एका रविवारी मला म्हणाले, गिरगावला चल. एका ठिकाणी प्रत्यक्ष कळवायला हवं आणि बाईमाणसाच्या घरी एकट्याने जाणं बरं दिसत नाही. बसमध्ये ते सारखी शर्टाची कॉलर नीट करत होते.

कुमुदताई त्या छापखान्यात टाइप करायच्या. तिथले कॉम्प्युटर बघायला दादा जायचे, तेवढीच ओळख. दार उघडून त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मिशी कुठे गेली?"

दादा ओशाळले. इथे सूचना द्यायची राहिली होती.

चहा आला. दादांनी घसा साफ केला आणि पर्याय काढत असल्याचं अगदी सरकारी भाषेत सांगितलं. कुमुदताईंना हसू आलं. त्या आता टाइपच करत नव्हत्या. फोनवर बोलायचं, तोच लिहितो. मग माझ्याकडे वळून जुन्या गोष्टी सांगू लागल्या. लहानपणी दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती आणि रफाराचं बटण नेमकं त्याच करंगळीच्या वाट्याचं. दिवसभर टाइप केलं, की संध्याकाळी बोट ठणकायचं. "मग एक दिवस रफार डाव्या हाताखाली आला. मालकांनी कुणाकडून तरी फॉन्टच बदलून घेतला होता. कुणाकडून, ते मी कधी विचारलं नाही."

दादांचं बिस्कीट चहात पडलं. ते चमच्याने काढण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बरं झालं, काढताय ते," कुमुदताई म्हणाल्या. "उगाच अडगळ. कुणासाठी ठेवलं होतंत इतकी वर्षं?"

"राहिलं होतं," दादा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी पर्याय काढला. मी शेजारीच बसलो होतो. काढण्यासारखं फार नव्हतंच, थोड्या ओळी होत्या. लगेच रेश्माने त्यांचे आभार मानले. सगळं सुरळीत चालतंय, असंही कळवलं. दादांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"कप तिने उजव्याच हातात धरला होता," ते म्हणाले. "पाहिलंस?"

मी हो म्हणालो.

"दुखत नसेल आता."