बुडालेल्या अलेक्झांडरचा पत्ता

शनिवारी स्मारकाच्या दगडाचं अनावरण व्हायचं होतं आणि मंगळवारी सकाळी पाथरवटाचा फोन.

"मॅग्नस, जन्मसाल कधी देणार? बाकी सगळं कोरून झालंय. तेवढी जागा बोडकी दिसतेय."

"आज देतो, आज!" मॅग्नस मेअरने फोन ठेवला आणि बायकोला हाक मारली, "एल्स्पेट! ती जुनी जनगणना उघड जरा!"

दगड मॅग्नसच्या खापरपणजोबांचा होता. अलेक्झांडर मेअर, हेरिंग मासे धरणारे कोळी, अठराशे अठ्ठेचाळीसच्या वादळात गेले. ही गोष्ट मॅग्नसने आजीच्या मांडीवर ऐकली होती आणि त्यानंतर आमच्या पोर्टगेरीत ती ऐकवल्याशिवाय त्याने एकही माणूस सोडला नव्हता. धक्क्यावर दगड बसावा म्हणून त्याने कौन्सिलच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा गडी इतका फुगला की त्याने आपल्या दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'अनावरणाला फक्त रक्ताची माणसं.' ही पाटी कुणासाठी हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन दारं सोडून राहणाऱ्या जॉकीसाठी! कपडे वाळत घालायच्या एका खांबावरून दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

आता आमच्या गावात पूर्वज शोधायचा म्हणजे चेष्टा नव्हे. अर्धं गाव मेअर. त्यात थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत, म्हणजे तीच तीच नावं फिरून फिरून येणार. म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव. मॅग्नसचे लोक 'बो', जॉकीचे 'शेव्ही'. पोस्टमन तेच लिहितो, आणि जनगणनेच्या कारकुनानेही त्या काळी निमूटपणे तेच लिहून ठेवलं, नाहीतर तो बिचारा वेडाच झाला असता.

एल्स्पेट आतल्या गावची, शेतकऱ्याची लेक. कोळ्यांच्या घरात डुकराचं नाव काढत नाहीत, होडी बुडते म्हणून. ती चिडली की मुद्दाम काढायची आणि मॅग्नस अपशकून टाळायला धावत जाऊन चुलीचं लोखंड धरायचा. असा त्यांचा संसार. तिने चष्मा लावला आणि लॅपटॉपसमोर बसली.

"हे बघ, एक्केचाळीस साल. अलेक्झांडर मेअर 'बो', कोळी, वय पंचवीस. सापडले तुझे देव."

"मग जन्म सोळाचा! सांगतो त्याला."

"थांब रे! तेव्हा मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत लिहायचे. पंचवीस म्हणजे एकोणतीसही असतील. एक्कावन्नची पाहते."

"एक्कावन्नला काय पाहतेस? माणूस अठ्ठेचाळीसलाच गेला ना!"

"बायकोचं वय तरी कळेल. ही बघ हेलन. सीगेट गल्ली, आपलंच घर. पुढे लिहिलंय, विधवा."

मॅग्नसने डोळे पुसले. एल्स्पेटने पान खाली सरकवलं आणि तिचा हात जागीच थांबला.

"अगं बाई! मॅग्नस, खुर्ची घट्ट धर."

"का? काय झालं?"

"अलेक्झांडर मेअर 'बो'. कोळी. वय छत्तीस."

"दुसरा कुणीतरी असेल."

"'बो' म्हणजे एकच घर, हे मला लग्नापासून कोण ऐकवतंय? आणि पुढे लिहिलंय, विवाहित."

"अगं, मेलेला माणूस विवाहित कसा?"

"मेलेलाच नाहीये तो! त्या रात्री जो ज्या घरात झोपला, तिथे त्याचं नाव लिहायचे. हा तुझा हुतात्मा दोन दारं सोडून झोपला होता. शेव्हींच्या घरात."

किटली शिट्टी मारत राहिली. उठून ती उतरवायचं कुणालाच सुचेना.

"इझाबेला मेअर 'शेव्ही', लग्न न झालेली," एल्स्पेट वाचत गेली. "हा तिचा भाडेकरू. एकसष्टलाही भाडेकरूच! आणि तोवर बाईला चार पोरं. थोरल्याचं नाव मॅग्नस."

मॅग्नसच्या तोंडचं पाणी पळालं. त्या अलेक्झांडरच्या बापाचं नाव मॅग्नस होतं. शेव्हींच्या सात पिढ्यांत ते नाव कुणाचं नव्हतं. बापाच्या बापाचं नाव थोरल्याला! आता आणखी काय पुरावा पाहिजे?

"डुक्कर!" मॅग्नस ओरडला. "खापरपणजोबा कसला, डुक्कर मेला!"

एल्स्पेटच्या नाकावरून चष्माच घसरला. आणि गडी लोखंड धरायला गेला नाही. दार उघडून तो थेट जॉकीच्या घरी गेला आणि दारावर मुठी आपटायला लागला.

"जॉकी! तुला माहीत होतं?"

जॉकी तोंडातला घास चावत बाहेर आला. "अलेक्झांडरचं? सगळ्या गावाला माहीत आहे. वादळातून वाचला आणि सरळ आमच्याकडे आला. तुमच्या हेलनबाईने त्याच दिवशी काळे कपडे चढवले, म्हणाली, माझ्यापुरता तो बुडाला. कारकुनालाही तोंडावर विधवा म्हणून सांगितलं. तेव्हा हा समोर जाळं विणत बसला होता."

"आणि गाव गप्प बसलं?"

"हेलनबाईला कोण बोलणार?"

"अरे, पण तू! मी कौन्सिलच्या पायऱ्या झिजवत होतो, तेव्हा तू मला सांगितलं का नाहीस?"

"आपलं बोलणं कुठे होतं?" जॉकी म्हणाला.

मॅग्नस तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला खरोखरच रडू येत होतं. "लोक हसतील रे मला."

"ते कधीचेच हसतायत. तुला ऐकू येत नव्हतं."

तोवर एल्स्पेट फोन कानाला लावूनच मागून आली होती. "पाथरवट म्हणतो, दगडावरचं खोडता येत नाही. वाढवता येतं." ती मॅग्नसकडे पाहत राहिली. त्याने मान डोलावली आणि ती बाजूला जाऊन फोनवर कुजबुजली.

शनिवारी अख्खं गाव लोटलं. रक्ताची माणसं म्हटल्यावर शेव्हींचा गोतावळा तर नव्या कोटांत, पहिल्याच रांगेत. मॅग्नसने कापड ओढलं.

'अलेक्झांडर मेअर "बो". १८४८च्या वादळात हरवला.' आणि त्याखाली, जन्मसालासाठी सोडलेल्या जागेत, अजून पांढऱ्या दिसणाऱ्या ताज्या अक्षरांत, 'सापडला १८५१. दोन दारं सोडून.'

लोकांनी आ वासला. पाद्रीबुवांच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली गेलं. मग पहिला हसला तो मॅग्नस, आणि त्यानंतर धक्क्यावर कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

जॉकीने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल घरी. व्हिस्की काढून ठेवलीय."

दोघे निघाले तेव्हा मॅग्नसला दिसलं, एल्स्पेट काळा कोट घालून उभी होती.

"हा कशाला?" त्याने विचारलं.

"तू कुठे निघालास?"

"जॉकीकडे. हे काय, दोन दारं सोडून."

"जा की," एल्स्पेट म्हणाली आणि तिने कोटाची वरची गुंडी लावली. "जेवायला परत आलास, तर हा काढते."