पाण्याला एकशे दोन ताप

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मीटर तपासनीस आरशासमोर होते. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण होता. बाबांचं वजन आणखी उतरलंय, रोज पंधराशे कॅलरी पोटात गेल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवत; त्यांची भूकच मेली होती.

बायकोनं शेंगदाण्यांचं पाकीट पुढं केलं. मूठभर दाण्यांत भरपूर कॅलरी असतात, पाकिटावरच छापलंय म्हणाली. पण छापलेल्यावर विश्वास ठेवायला ते काय तपासनीस झाले होते? (उभा जन्म लोकांची मीटरं खोटी ठरवण्यात गेलेला.) लिटरभर पाणी एका अंशानं तापवते ती खाण्यातली एक कॅलरी, एवढं शाळेतलं आठवत होतं. मग दाणा जाळायचा, वर पाणी धरायचं, पारा बघायचा. त्यात काय मोठंसं!

सुईला खोचून त्यांनी दाणा पेटवला. वर डब्यात अर्धा कप पाणी, त्यात बाबांचा ताप बघायचा थर्मामीटर. बोट भाजलं, डबा काळा झाला आणि पाण्याला एकशे दोन ताप आला. हिशेब केला, तर छापल्याच्या निम्मंसुद्धा भरेना. म्हणजे बाबांना दुप्पट खावं लागणार! दाणे दमट असतील, या आशेवर त्यांनी उरलेलं पाकीट तव्यावर भाजायला घेतलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, तुमचं बोट तापलं, डबा तापला, अख्खं स्वयंपाकघर तापलं. ती उष्णता कुठल्या मीटरात धरलीत?"

तपासनीस दाणे परतत राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "काय भाजताय रे? इकडं आणा की थोडे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. महिनाभरात बाबांनी काही मागितलं नव्हतं. बायको बशी घेऊन धावली.

बाबा एकेक दाणा चोळून, सालं फुंकून, सावकाश खात बसले. मग मुलाकडे नजर गेली.

"सूनबाई, झकास भाजलेत. याला आता स्वयंपाकालाच लाव. फक्त आधी तोंड धुवायला सांग."

वाळलेल्या साबणासकट तपासनीस पलंगाशी उभेच होते. बशी रिकामी झाली. किती दाणे पोटात गेले, ते मोजायचं राहूनच गेलं.