नित्यनूतन टॉवेल

कोणतीही वस्तू बनवण्याआधी ती कोणासाठी बनवायची हे पाहावं, हे सत्य मानवजातीला उशिरा कळलं, आणि सोलापूरच्या एमआयडीसीत तर गेल्या वर्षी. तोवर गुरुशांत यांच्या कारखान्यात टॉवेल चक्क अंग पुसण्यासाठी बनत. (एवढं मागासलेपण एका औद्योगिक वसाहतीत कसं खपलं, याची चौकशी व्हायला हवी.)

माल पडून राहू लागला, तेव्हा गुरुशांत यांनी पुण्याहून डिझाइन थिंकिंगचे सल्लागार आणले. सल्लागारांनी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. मागांच्या हादऱ्याने त्या पडल्या, म्हणून माग बंद ठेवले. नावीन्याला शांतता लागते.

पहिला टप्पा: वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणे. त्यानुसार पाहणी पथक घरोघरी गेलं. अंग पुसायच्या टॉवेलमधून सर्वत्र पलीकडचं दिसत होतं. नवे टॉवेल मात्र कपाटात, खोक्यासकट, सुखाने नांदत होते. ते एका लग्नात आहेर म्हणून आले होते आणि दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून जाणार होते. शंभरातल्या शहाण्णव टॉवेलांनी कधी पाणी पाहिलं नव्हतं. (उरलेल्या चारांवर छप्पर गळलं होतं.)

म्हणजे वापरणारा पुसत नाही, पुढे देतो. मग तर्काने आपलं काम केलं. जे उघडायचंच नाही, त्याच्या आत टॉवेल कशाला?

अशा रीतीने 'नित्यनूतन' जन्माला आला. सोनेरी खोका, त्याला खिडकी, खिडकीमागे मोराच्या नक्षीची, खऱ्या टॉवेलची वीतभर पट्टी, बाकी पुठ्ठा. सूत वाचलं, रंग वाचला, माग कायमचे शांत झाले. (विणकरांना पुठ्ठा कापायला बसवलं. ज्यांना ते जमेना त्यांना घरी बसून नव्याने विचार करायला सांगितलं.) लग्नसराईत माल हातोहात गेला आणि एकही तक्रार आली नाही. यालाच चाचणी म्हणतात.

वैशाखात गुरुशांत आपल्या मुलीच्या, राजेश्वरीच्या, सोयरिकीसाठी अक्कलकोटला सिद्धलिंगप्पांकडे मुक्कामाला गेले. घर चांगलं, मुलगा चांगला, आणि पोरीचा जीव तिथेच जडलेला. सकाळी होणाऱ्या व्याह्यांनी मानाने एक सोनेरी खोका पुढे केला.

"आंघोळ उरका. तुमच्याच कारखान्याचा हाय. लग्नात आला होता, तुमच्यासाठी राखून ठेवला."

अंगावर पाणी घेऊन झाल्यावर गुरुशांत यांनी खोका उघडला. वस्त्रोद्योगावर असा प्रसंग प्रथमच आला असावा. हातात पुठ्ठा, दाराबाहेर व्याही. आपण टॉवेल म्हणून काय विकतो हे कळलं तर सोयरीक मोडणार होती, आणि ओरडून पंचा मागितला तरी तेच कळणार होतं. वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणे, हा टप्पा त्यांनी शेवटी जातीने पूर्ण केला. वीतभर पट्टीने जमेल तेवढं अंग पुसलं, पट्टी पुठ्ठ्यावर परत बसवली, खोका बंद करून तिथेच ठेवला आणि ते बाहेर आले. केसांतून पाणी गळत होतं.

"टॉवेल द्या की, वाळत घालते," सिद्धलिंगप्पांच्या पत्नी निंगव्वा म्हणाल्या.

"वाळला की. आमचा माल हाय. तितंच ठेवलाय खोक्यात."

निंगव्वा न्हाणीघरात गेल्या. बाहेर यायला त्यांना जरा वेळच लागला. मग त्या नवऱ्याच्या कानाशी कन्नडमध्ये काही बोलल्या. गुरुशांत यांना कन्नड उत्तम येतं, पण कानात पाणी होतं. त्यांना लेकीचा चेहरा आठवला.

सिद्धलिंगप्पांनी गुरुशांत यांच्या गळत्या केसांकडे पाहिलं.

"साखर आणा," मग ते म्हणाले.

सोयरीक ठरली. निघताना व्याह्यांनी रीतीप्रमाणे आहेर केला. सोनेरी खोका. खिडकीच्या प्लास्टिकला आतून वाफ धरली होती. गुरुशांत यांना एकाच वेळी एवढी लाज आणि एवढा आनंद कधी वाटला नव्हता. त्यांनी खोका कपाळाला लावला आणि 'याची काय गरज होती' असं म्हटलं.

हसताय? हसा. तुमच्याही कपाटात वरच्या फळीवर असाच एक खोका आहे. तो हाताला जरा हलका लागतो, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलंय. तरी तुम्ही तो उघडला नाहीत, कारण येत्या लग्नात तो कोणाला द्यायचा हे ठरलेलं आहे.