इंग्रजी विसरायला निघालेले खरात सर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खरात सर गेली दोन वर्षं इंग्रजी विसरायचा प्रयत्न करताहेत. लोक तंबाखू सोडतात, साखर सोडतात. सरांनी इंग्रजी सोडलंय. सकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं. क्रिकेटची मॅच ते आवाज बंद करून बघतात. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद मला वाचायला देतात आणि त्यातलं फक्त मराठीत सांगा म्हणतात. एकदा जिन्यात मी सवयीनं 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं, तर पथ्यावरच्या माणसापुढे कुणी जिलबीची बशी धरावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"काय बाई, महिन्याभराची मेहनत वाया घालवता," म्हणाले आणि पिशवी उचलून खाली गेले.

ही बातमी अंबरनाथ पश्चिमेत पसरायला वेळ लागला नाही. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या कुठल्याशा मंडळाचे चार कार्यकर्ते शाल आणि नारळ घेऊन सरांच्या दारात उभे राहिले. सरांनी त्यांना आत बोलावलं, चहा पाजला आणि शाल परत केली. इंग्रजी उत्तम भाषा आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही, फक्त मला ती थोडी कमी यायला हवी, असं त्यांनी समजावून सांगितलं. कार्यकर्ते एकमेकांकडे बघत जिना उतरले. त्यांना काही कळलं नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

सर उल्हासनगरच्या एका शाळेत गणित शिकवत. वडील कारखान्यात कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. नोकरीत असताना सरांना तीन वेळा जनगणनेचं काम लागलं. मी पण शिक्षिका आहे, त्यामुळे हे काम लागलं की शिक्षक काय करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतात. सर मात्र स्वतःहून जात. ते काम त्यांच्या अंगात भिनलं ते कायमचं. त्यांच्या घरात टीव्हीशेजारच्या कपाटात देव नाहीत, काचेची बाहुली नाही, जनगणनेचे तक्ते आहेत. कुठल्या जिल्ह्यात कुठली मातृभाषा किती जणांनी सांगितली, याचे छापील तक्ते लोक कादंबरी वाचतात तसे ते वाचतात आणि मधेच एकटे हसतात.

त्यांचा लाडका प्रश्न एकच. तुम्ही काहीही आकडा सांगा, ते मान तिरकी करून विचारणार, "अंश सांगितलात. छेद कुठाय?"

सोसायटीच्या सभेत आमचे चेअरमन म्हात्रे एकदा फार तापले होते. मोबाइलवर आलेलं काहीतरी वाचून दाखवत ते म्हणाले की आपल्या पट्ट्यात मराठी माणसाचा टक्का घसरला, आपण संपत चाललो. सभा गंभीर झाली. मागच्या रांगेतून छेदाचा प्रश्न आलाच. मग सर उठले आणि त्यांनी सभेचाच तक्ता मांडला. समजा या खोलीत दहा माणसं आहेत, त्यातली आठ मराठी. आता शेजारी नवीन बिल्डिंग झाली आणि आणखी दहा माणसं आली, त्यातली सहा मराठी. आता खोलीत मराठी माणसं चौदा झाली. म्हात्रे, तुम्ही वाढलात की घटलात? म्हात्र्यांनी बोटं मोजली आणि वाढलो म्हणाले. टक्का मात्र ऐंशीचा सत्तर झाला, सर म्हणाले. आता यावर रडायचं की पेढे वाटायचे ते तक्ता सांगत नाही, तो नुसता मोजतो. म्हात्र्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि सभा पाण्याच्या टाकीवर आली.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाईंचं सरांशी दोन महिने बोलणं बंद होतं, कारण तक्त्यात मालवणी ही कोकणीच्या खाली घातलेली असते, हे त्यांनी बाईंना कौतुकानं दाखवलं. सरांच्या भाषेत सांगायचं तर मालवणी कोकणीच्या पोटात, कच्छी सिंधीच्या पोटात, मारवाडी आणि भोजपुरी हिंदीच्या पोटात. "नुसता हिंदीचा आकडा वाचून भांडू नका, आधी पोट उघडून बघा," असं ते रिक्षावाल्यालाही ऐकवतात. कुळगावात मोजणी करताना एका आगरी आजीला त्यांनी मातृभाषा विचारली होती. आजी म्हणाली, "भाषा ती तुमच्या शाळंन. आमी निस्तं बोलताव." हे सांगताना सरांचे डोळे अजून चमकतात. आजीचं म्हणणं त्यांना आजवर वाचलेल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा खरं वाटतं.

त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मीही त्यात होते. पण इतक्या भाषांच्या माणसांच्या गर्दीत राहून कुणाच्याही भाषेला नाक न मुरडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

येत्या जनगणनेसाठी शाळांकडून नावं गेली आणि त्यात माझं नाव निघालं. सर्टिफिकेटचा विचार माझ्याही मनात आला होता, कशाला खोटं बोलू. पण समोरच्या दारात एवढा मोठा गुरू बसलेला, म्हणून वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सरांना केवढा आनंद झाला. त्यांनी स्वतः चहा केला, तो भयंकर होता, आणि शिकवायला सुरुवात केली. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती. घरातल्या प्रत्येकाची वेगळी विचारायची. मग मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी भाषा, जास्तीत जास्त दोन, आणि जी जास्त चांगली येते ती आधी.

"आणि एक गोष्ट करायची नाही," सर म्हणाले. "वरीलप्रमाणे लिहायचं नाही."

ही आमच्या शिक्षकांची जुनी खोड. उन्हातान्हात शंभर घरं करायची असतात, म्हणून कुटुंबप्रमुखाची भाषा लिहायची आणि खालच्या सगळ्यांना वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे करत पान उलटायचं. मी हसून म्हटलं, सर, हे तर सगळेच करतात, तुम्हीही केलं असेल. सर हसले नाहीत. एकदाच केलं, म्हणाले, माझ्याच घरात.

मग त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. सरांच्या बायकोला, आमच्या लताकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली. काकू सिंधी होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. दहा वर्षं त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली, त्यांच्याशी मराठीत गप्पा मारल्या, आणि मला पत्ता नव्हता. उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातली मुलगी, घरच्यांचा विरोध पत्करून सरांशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. लग्नानंतर सरांच्या आईनं नावही बदललं. सरांना वाटायचं, ती किती सहज आपल्यातली झाली.

शेवटच्या मोजणीत सरांना आपलीच गल्ली मिळाली. आपलं घर काय विचारायचं, म्हणून ओट्याशी उभं राहूनच त्यांनी फॉर्म भरला. स्वतःची मातृभाषा मराठी. काकूंच्या ओळीत वरीलप्रमाणे. काकू चहा गाळत होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "माझी आई मराठी कधीपासून बोलायला लागली हो?"

सर म्हणाले, शाईनं लिहिलंय, खाडाखोड चालत नाही, पुढच्या वेळी नीट लिहीन. काकूंनी मान डोलावली. पुढची मोजणी साथीमुळे पुढे गेली, मग पुढेच जात राहिली, आणि मधे काकू गेल्या. गेलेल्या माणसाची मोजणी नसते.

"देशाला हिशोबात एक सिंधी कमी पडली," सर म्हणाले. "देशाला काय फरक पडतो? मला पडला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

आता त्या इंग्रजीचं. काकूंची ओळ राहिली नाही, तेव्हा आपल्याच ओळीत सिंधी यावी, असं सरांनी ठरवलं. दुसरा कुणी असता तर नुसतं सांगून मोकळा झाला असता, कोण तपासायला येतंय. पण सर पडले प्रगणक, मोजणीचा माणूस. भाषा खरी यायला हवी. बरं, जागा दोनच, आणि क्रम येण्याप्रमाणे. हिंदी पहिली, तिला हलवणं या गावात राहून शक्य नाही. दुसऱ्या जागेवर इंग्रजी चाळीस वर्षं ठाण मांडून बसलेली. म्हणून सिंधी वर चढवायची आणि इंग्रजी खाली उतरवायची, असा दुहेरी कार्यक्रम त्यांनी सुरू केला होता. मी ऐकत होते आणि हसू की रडू ते मला कळत नव्हतं.

इंग्रजी उतरेना हे तर होतंच, पण सिंधीही चढेना. सर उल्हासनगरला जाऊन कापडाच्या, पापडाच्या दुकानांतून सिंधीत बोलायचे आणि दुकानदार उत्तर हिंदीत द्यायचे. एकानं तर हात जोडले, "सर, आप मराठी में बोलो ना, हमको आती है." त्याची नातवंडं गल्ल्यापाशी बसून आपसात हिंदीतच भांडत होती. ज्या गावात सिंधी शिकायला गेले त्या गावात सिंधी बोलायला माणूस मिळेना. शेवटी एकच नाव उरलं. काकूंची मोठी बहीण, मोहिनी. लग्नापासून सर तिच्या दारात गेले नव्हते.

पुढच्या रविवारी सर मला बरोबर घेऊन गेले. एकट्यानं जायचं धाडस नव्हतं, तसं त्यांनी कबूलही केलं. कॅम्पातलं अरुंद घर, खाली दुकान, वर बिऱ्हाड. ऐंशीच्या घरातल्या मोहिनीबाई पलंगावर बसल्या होत्या. सरांनी नमस्कार केला आणि पाठ केलेलं सगळं सिंधीत म्हणून टाकलं. मला त्यातलं 'आहे' तेवढं कळलं, कारण 'आहे' दोन्हीकडे आहे. मोहिनीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "इतकी वर्षं कुठे होता तुम्ही?"

सर समोरच्या खुर्चीत टेकले. मग त्याच बोलत राहिल्या. त्यांची लाजो, म्हणजे लाजवंती, म्हणजे आमच्या लताकाकू, रोज दुपारी तीन वाजता त्यांना फोन करायची. सर शाळेत असताना. सर निवृत्त झाल्यावर दळण आणायला, भाजी आणायला म्हणून खाली उतरून करायची. तासभर सिंधीत बोलायची, भांडायची, खिदळायची. सासरी माहेरच्यांबद्दल अजून राग असेल म्हणून सरांना तिनं सांगितलं नाही. लाजो गेल्यापासून माझ्याशी सिंधीत कोण बोलतं, मोहिनीबाई म्हणाल्या. मुलगा हिंदीत बोलतो, सून हिंदीत बोलते, नातवंडांना तर माझं बोलणं ऐकून हसू येतं.

परत येताना आम्ही रिक्षा केली. ती एकटी नव्हती, एवढंच म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं आणि लागलंही होतं, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीनला समोरच्या फ्लॅटमधून सरांचा आवाज येऊ लागला. फोनवर बोलताना ते पलीकडचा माणूस कर्जतला असल्यासारखे ओरडतात, त्यामुळे माझ्या घरात सगळं ऐकू येतं. सुरुवातीला मोठमोठ्या शांतता असायच्या. मग 'सुठो, सुठो', म्हणजे छान छान, येऊ लागलं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस सर कशावरून तरी तावातावानं भांडताना ऐकू आले, आणि मग दोघांचंही हसणं, मोहिनीबाईंचं सुद्धा, कारण फोन स्पीकरवर असतो.

परवा सुट्टी होती. मी सरावासाठी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांनाच प्रश्न विचारायला बसले. नाव, वय, वैवाहिक स्थिती. मातृभाषा, मराठी. मातृभाषेशिवाय येणाऱ्या भाषा. पहिली हिंदी, सर म्हणाले. मी दुसरी विचारली.

"इंग्रजीच लिहा बाई. प्रामाणिकपणे सांगायचं तर इंग्रजी पुस्तक मी अजून सरळ वाचतो."

मी पेन खाली ठेवलं. "सर, इंग्रजीत कुणाशी भांडलात कधी?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. नाही म्हणाले.

"इंग्रजीत कुणाबरोबर हसलात?"

सरांनी फोनकडे पाहिलं. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि लिहा म्हणाले. मी 'सिंधी' लिहिलं. त्यांनी वही हातात घेतली, तो शब्द वाचला, पुन्हा वाचला. ही नुसती सरावाची वही आहे, खरी मोजणी अजून व्हायची आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी वही लगेच परत दिली नाही.

तीन वाजले होते. सर उठले, फोन लावला आणि मोहिनीबाईंना काहीतरी सांगू लागले, नेहमीसारखं ओरडून. मला त्यातला एकच शब्द कळला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी सरांच्या तोंडून फक्त 'लता' ऐकलं होतं. त्या दुपारी ते तिला लाजो म्हणत होते.